आकाशी मोटारीतली बाई

माझ्या रुखवतातून मोटारी निघाल्या, ही गोष्ट सासरी पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. सांगणाऱ्या माझ्या सासूबाई. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी जालन्याहून अंकुशनगरला आले. नवरा तिथल्या साखर कारखान्यात फिटर होता आणि वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. शेजारच्या बायका रुखवत बघायला जमल्या. खोबऱ्याच्या कोरलेल्या वाट्या झाल्या, मण्यांचं तोरण झालं, लोकरीचा पोपट झाला. मग सासूबाईंच्या हाताला बिस्किटांचा एक चपटा डबा लागला. आत दागिना असणार असं समजून त्यांनी तो सगळ्यांच्या मधोमध उघडला. आतून निघाली मोटारींची चित्रं, चामड्याची एक की-चेन आणि टायरच्या आकाराचा एक रबरी ॲश-ट्रे.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "सोनं सोडून मोटारी आणल्या पोरीनं. त्याबी कागदाच्या!"

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, पण मनातून मला त्या डब्यावर झडप घालावीशी वाटत होती. एक बाई चामड्याची ती की-चेन बोटाभोवती गरगर फिरवत होती.

तो डबा कसा भरला हे आधी सांगते. माझे वडील जालन्यात एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून होते. हैदराबाद संस्थानाच्या काळात आमच्या भागातल्या कापूसवाल्यांनी, डॉक्टरांनी, मोठ्या जमीनवाल्यांनी हौसेने विलायती मोटारी घेतल्या होत्या. मोटारी विकणाऱ्या कंपन्या या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं काही ना काही भेट पाठवत. कॅलेंडरं, काचेचे पेपरवेट, नव्या मोटारींचे रंगीत कॅटलॉग. पुढे मोटारी भंगारात गेल्या, मालक म्हातारे झाले, कचेऱ्यांची कपाटं रिकामी होऊ लागली. एकदा तसल्याच एका कपाटातून वडिलांनी मला टीपकागदाची एक पट्टी आणून दिली. एका बाजूला शाई टिपायचा गुलाबी कागद, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पुठ्ठ्यावर हिरवी, गोल पाठीची मोटार. वडील म्हणाले, शाई टिपायला घे. मी त्या पट्टीने आयुष्यात एक थेंब टिपला नाही.

दुपारी आई झोपली की मी ती पट्टी डोळ्यांच्या अगदी जवळ धरायची. इतकी जवळ, की कडा दिसेनाशा व्हायच्या आणि फक्त हिरवा रंग उरायचा. मग हळूहळू पट्टी लांब न्यायची. दार यायचं, खिडकी यायची, खिडकीत पडलेला झाडाचा तुकडा यायचा. त्या तुकड्यात वारा आहे असं मला स्पष्ट वाटायचं. खऱ्या मोटारीचं मला कधीच अप्रूप नव्हतं. खरी मोटार धूर सोडते, चिखलात रुतते, आत बसलं की मळमळतं. जाहिरातीतली मोटार मात्र नेहमी कुठेतरी निघालेली असते आणि तिथलं ऊन कधी उतरत नाही. मी चित्रकलेची शिक्षिका झाले ती बहुतेक या उन्हापायीच. अंकुशनगरहून चार मैलांवरच्या गावात हायस्कूल होतं, तिथे मला नोकरी लागली आणि टेम्पोतून जाणं-येणं सुरू झालं.

सासरी माझ्या छंदाला 'रद्दी' असं नाव होतं. त्यात कोणी दुष्टपणा करत नव्हतं, रद्दीला रद्दीच म्हणायचे. पेपरवेटच्या काचेत खसखशीच्या दाण्याएवढी लाल मोटार होती, तो सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्यावर ठेवला होता. रबरी ॲश-ट्रेमध्ये नवरा नटबोल्टांचे वायसर ठेवायचा. एका शेजारणीने तर कहर केला. तिच्या फळीवर डब्यांखाली जुन्या मोटार कॅलेंडरचं एक पान अंथरलेलं मला दिसलं. ते मिळवण्यासाठी मी तिच्या दारावर दोन हातांएवढा मोर रंगवून दिला. कॅलेंडरच्या पानावर तेलाच्या डब्याचा गोल होता, पण गोलाच्या आत मोटार शाबूत होती.

सासूबाई मंठा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. तिशीच्या आतच विधवा झालेल्या, एकट्याने शेत करून एकुलता मुलगा वाढवलेला. कडबा तोडताना त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर वाकडं झालं होतं. बोलणं तडकाफडकी, स्मरणशक्ती भयंकर. कोणत्या लग्नात कोणी कोणत्या रंगाचं लुगडं दिलं हे त्यांना पंचवीस वर्षांनंतरही तोंडपाठ असायचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमचं तसं बरं चालायचं, पण एक गोष्ट मला सुरुवातीला खटकायची. सणावारी सासू सुनेला कुंकू लावते, हे मी सगळ्या घरांत पाहिलं होतं. आत्याबाई कुंकवाचा करंडा जमिनीवरून माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "लाव." विधवेने सवाष्णीच्या कपाळाला हात लावायचा नसतो, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. देवालासुद्धा त्या फुलं वाहायच्या आणि कुंकू मला वाहायला लावायच्या.

आता त्या कॅटलॉगकडे येते.

जालन्यात एक म्हातारे रद्दीवाले होते, मी त्यांना चाचा म्हणायची. माहेरी गेले की त्यांच्या दुकानात माझी एक चक्कर ठरलेली. लग्नाला चारेक वर्षं झाली असतील. मी दुकानात पाय ठेवला आणि चाचा गठ्ठ्यांमागे वाकून म्हणाले, "आओ बाई. तुमारे वास्ते एक मोटार बाजू में रख्खा मैं."

फडक्यात गुंडाळलेला मोठा, जाड कागदाचा कॅटलॉग होता. पानापानांत पातळ तलम कागद घातलेला. तो उचलला की खालचं चित्र धुक्यातून आल्यासारखं वर यायचं. मधल्या दोन पानांवर मिळून एकच चित्र होतं. समुद्राकाठचा वळणाचा रस्ता, त्यावर आकाशी रंगाची उघड्या टपाची मोटार आणि मोटारीत एकटी बाई. पांढरे हातमोजे, डोक्याला रुमाल, हात स्टिअरिंगवर.

तोपर्यंत मी पाहिलेल्या सगळ्या जाहिरातींत मोटार पुरुष चालवायचा. बाई शेजारी बसून हसायची, नाहीतर मागे मुलं आणि कुत्रं सांभाळायची. ही एकटीच निघाली होती. तिला कोणी सोडायला आलेलं नव्हतं आणि पुढे कोणी वाट बघत असेल असंही तिच्या तोंडावर नव्हतं. चाचांच्या दुकानात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. कशाने ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर दुपारी घरात कोणी नसलं की मी ते पान उघडून बसायची. कारखान्याचा भोंगा व्हायचा, मळीचा आंबूस गोड वास खिडकीतून यायचा, आणि मी रस्त्याच्या त्या वळणापलीकडे काय असेल ते रचत राहायची. एखाद्या दिवशी वळणापलीकडे माझी शाळा असायची. एखाद्या दिवशी नुसतंच पाणी असायचं, कडेपर्यंत. मोटारीत ती बाई असायची आणि थोड्या वेळाने मी असायची, मध्ये केव्हा बदल झाला ते कळायचं नाही.

एका साप्ताहिकाच्या वाचकांच्या पत्रांत मला पुण्याच्या एका गृहस्थांचा पत्ता मिळाला. विमा कचेरीतून निवृत्त झालेले आणि माझ्यासारखेच मोटार कंपन्यांच्या जाहिराती, भेटवस्तू जमवणारे. मी भीतभीत कार्ड टाकलं. त्यांचं चार पानी उत्तर आलं. दीड-दोन वर्षं आमचा पत्रव्यवहार चालला. आकाशी मोटारीबद्दल मी लिहिलं, तेव्हा त्यांनी उलटटपाली कळवलं की असा एक कॅटलॉग कंपनीने खास बायकांसाठी काढला होता, फार थोडा छापला होता, आणि ते त्याबद्दल केवळ ऐकून आहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः बघायला येणार होते.

मला तो विकायचा नव्हता, बदल्यातही काही नको होतं. ज्याला यातलं कळतं अशा एका माणसाने माझ्या घरात, माझ्या घरच्यांसमोर म्हणावं की ही रद्दी नव्हे, एवढीच माझी हाव होती. ते येणार म्हणून मी आठवडाभर आधीच कॅटलॉग ट्रंकेतून काढून फळीवर ठेवला होता. चहासाठी कपांचा नवा सेटही आणला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. नवऱ्याचे पाने, हातोड्या, सायकल, शिलाई मशीन, विळे, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं. त्या वर्षी मला शाळेत कार्यक्रम होता आणि नवऱ्याला कारखान्याच्या वर्कशॉपातल्या पूजेला जायचं होतं. संध्याकाळी मी परतले तर पूजा आटोपलेली. पाट सजलेला. पान्यांना हळद-कुंकू, सायकलला झेंडू. माझे रंगाचे ब्रश एका तांब्यात उभे करून त्यालाही टिळा लावलेला. आणि पाटाच्या अगदी मध्यभागी, गहू पसरून त्यावर, आकाशी मोटारीचं पान उघडं ठेवलेलं.

मोटारीच्या दोन्ही चाकांना हळदीची बोटं होती. दिव्यांवर अक्षता चिकटल्या होत्या. आणि त्या बाईच्या कपाळावर, रुमालाच्या जरा खाली, ओल्या कुंकवाची ठसठशीत टिकली होती. थोडी डावीकडे झुकलेली, वाकड्या बोटाने लावल्यासारखी.

"आत्याबाई, हे काय केलं तुमी?"

"पूजा केली," त्या आनंदाने म्हणाल्या. "त्याचे पाने झाले, सायकल झाली. मंग म्हणलं, सुनबाईच्या मोटारी कामून ठिवायच्या? तिचंबी हत्यारच की ते."

"पण या बाईला कुंकू कशाला?"

"आता तूच बघ. बाई वाहनावर एकटी चालली. बोडक्या कपाळानं कशी जाऊ द्यायची?"

आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. परवा येणारा तो एक माणूस, माझी लहानपणापासूनची जमवाजमव, सगळं त्या टिकलीत बुडालेलं मला दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वतःच्या कपाळाला लावता येत न्हाई, म्हणून चित्रातल्या बाईला लावलं का?"

नवरा दारात बूट काढत होता, तो तसाच ओणवा राहिला. आत्याबाईंनी करंड्याचं झाकण लावलं. जमिनीवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या त्यांनी एकेक करून उचलल्या, ओंजळीत भरल्या आणि त्या आत निघून गेल्या.

पुण्याचे गृहस्थ आले. खिशातून आपट्याची पानं काढून त्यांनी आम्हाला सोनं दिलं, पाणी प्याले, आणि भिंग काढून कॅटलॉगवर वाकले. मी कोरडा कापूस घेऊन जेवढं निघेल तेवढं काढलं होतं. अक्षता निघाल्या, हळद फिकी झाली. टिकली कागदात मुरली होती, तिला मी घाबरून हात लावला नव्हता.

"बाई," ते बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे तेच आहे. मी तर आशा सोडली होती." मग त्यांचं भिंग टिकलीवर येऊन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हरकत नाही. पुण्यात माझ्या ओळखीचे एक जण जुन्या कागदावरचे डाग काढतात. महिनाभर माझ्याकडे द्या. हिचं कपाळ अगदी स्वच्छ पुसून मिळेल."

मी एका शब्दाने विरोध केला नाही. उलट मीच कॅटलॉग फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला. परक्या पुरुषासमोर कधीही न येणाऱ्या आत्याबाई डोक्यावरचा पदर सावरत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली. पर लावलेलं कुंकू पुसू नका. बिलकुल पुसू नका."

गृहस्थ आधी हसले. मग त्यांचं लक्ष आत्याबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे गेलं आणि त्यांनी भिंग खिशात ठेवलं. नवऱ्याने उठून पिशवीतून कॅटलॉग बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "आई म्हणती तर राहू दे," एवढंच तो म्हणाला. निघताना गृहस्थ मला म्हणाले की संग्रहाच्या दृष्टीने आता याचं फार काही उरलं नाही, पण तुम्ही जपा. पुढे दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं आणि पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, 'आकाशी बाईंना नमस्कार.'

मी जपलं म्हणजे काय, तर ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. कुलूप कोणासाठी आहे हे घरातल्या तिघांनाही कळत होतं. आत्याबाईंनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. पुढच्या नवमीला त्यांनी पान्यांना, सायकलला झेंडू वाहिले आणि करंडा माझ्याकडे सरकवला. माझ्या मोटारींची आठवण त्यांनी काढली नाही आणि मीही ट्रंक उघडली नाही. मी त्यांची माफी मागायला हवी होती. रोज सकाळी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवताना वाटायचं, आज म्हणावं. मग दूध उतू जायचं, टेम्पोची वेळ व्हायची, आणि दिवस निघून जायचा. अशी वर्षं गेली. मुलगी झाली, ती बोलू लागली, शाळेत जाऊ लागली.

एका वर्षी नवऱ्याने जुनी मोपेड आणली आणि वर्कशॉपातल्या मित्रांबरोबर खटपट करून चालती केली. म्हणाला, "चार चाकं काही जमली न्हाईत. दोनवर भागव." उसाचा हंगाम संपून कारखाना बंद झाला की उन्हाळ्यात उसाच्या बैलगाड्यांचा तळ अगदी मोकळा पडायचा. लांबच लांब, पांढऱ्या फुफाट्याचा. तिथे संध्याकाळी तो मला गाडी शिकवायचा. मागच्या सीटला धरून तो पळायचा आणि ओरडायचा, "मागं बघू नको, पुढं बघ!" लिंबाखाली आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन बसायच्या. मी दोनदा पडले, तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तळाला पूर्ण फेरी मारली. लिंबापाशी येते तो काय, नवरा मागे नव्हताच. तो केव्हाच सीट सोडून लांब उभा होता. आणि आत्याबाई तांब्या हातात घेऊन ताडकन उभ्या राहिलेल्या होत्या.

त्या उन्हाळ्यानंतर मी शाळेला मोपेडवर जाऊ लागले. सकाळी रस्त्याला वर्दळ कमी असायची. उसाचे फड दोन्ही बाजूंनी उंच वाढलेले असायचे आणि वळणावर आलं की मला हटकून समुद्राचा भास व्हायचा. आमच्या भागात समुद्र कुठला, पण उसाच्या पात्यांचा आवाज पाण्याच्या आवाजाच्या बराच जवळ जातो. त्या वळणावर मी थोडी सावकाश जायची.

नव्व्याण्णवच्या श्रावणात नवऱ्याला कावीळ झाली. ती उलटली आणि पंधरा दिवसांत तो गेला. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. गावाकडून बायका आल्या होत्या. कोणाचा तरी अंगठा माझ्या कपाळावरून जोरात फिरला, तो फार खरखरीत होता, एवढं आठवतं. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तेराव्यानंतर निघताना नात्यातल्या एक म्हाताऱ्या आजी मला जवळ घेऊन समजुतीने म्हणाल्या, "आता गाडीबिडी बंद कर माय. टेम्पोनं जावं, खाली बघून यावं." आत्याबाई तिथेच होत्या.

सव्वा महिना घराबाहेर पडायचं नव्हतं. मुलगी औरंगाबादला शाळेच्या वसतिगृहात परत गेली. दोन खोल्यांत आम्ही दोघी राहिलो, दोघींची कपाळं सारखी. मोपेडवर एक जुनी चादर टाकलेली होती. रोज दुपारी मला डुलकी लागायची आणि स्वप्नात तळ यायचा. पांढरा फुफाटा, मागे पळणाऱ्या पावलांचा आवाज, "मागं बघू नको." मी बघायची नाही. मला माहीत असायचं की बघितलं तर आवाज थांबेल.

अशाच एका दुपारी उठून मी ट्रंक उघडली. बारा-तेरा वर्षांनी तो तलम कागद उचलला. मोटार तशीच आकाशी होती आणि ऊन तसंच पडलेलं होतं. बाईच्या कपाळावरची टिकली वाळून गडद झाली होती. माझं पुसलं गेलं आणि हिचं राहिलं, असं मनात आलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मोठ्याने रडले. केव्हातरी दारात आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ती बाई हाय का आजून?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"कुंकू?"

"हाय. जसंच्या तसं."

त्यांनी मान हलवली आणि त्या पीठ चाळायला निघून गेल्या. याही वेळी मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

सव्वा महिना संपला त्या सकाळी मी फिक्या रंगाची साडी नेसले, डबा घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि टेम्पो गाठायला बाहेर आले. अंगणात मोपेड उभी होती. चादर काढून घडी करून ठेवलेली. ओल्या फडक्याने सगळी गाडी पुसलेली, आरशासकट. फडकं अजून आत्याबाईंच्या हातात होतं.

"कुठं चालली पायी?"

"टेम्पोला. आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"लोकाईनं शिकवली का तुला गाडी?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "माझ्या लेकानं शिकवली. तळावर पळून पळून शिकवली. टेम्पोनं जाया शिकवली का त्यानं?"

मी डबा हँडलला अडकवला. किल्ली पर्समध्ये होती, ट्रंकेच्या किल्लीशेजारी, ती काढली. आत्याबाई तोवर आत जाऊन आल्या होत्या. हातात करंडा होता. मला वाटलं, सवयीने सरकवतील, पण त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं आणि त्या माझ्यासमोर आल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "बाई वाहनावर एकटी चालली. बोडक्या कपाळानं कशी जाऊ द्यायची?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं बोट माझ्या कपाळाला लागलं. थंड होतं, फडक्याच्या पाण्याने ओलं.

"आत्याबाई," मी कसंबसं म्हणाले, "त्या नवमीला मी तुम्हाला जे बोलले…"

"कव्हा?" त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. "मला काही याद न्हाई. जल्दी निघ, शाळा भरून जाईल."

पंचवीस वर्षांपूर्वीची लुगडी रंगासकट सांगणारी बाई खोटं बोलत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी गाडी सुरू केली. वसाहतीच्या फाटकाशी पिठाच्या गिरणीसमोर बायका उभ्या होत्या. त्या बोलायच्या थांबल्या आणि माझ्या कपाळाकडे बघू लागल्या. मी पदर मागे टाकला. आत्याबाई अजून अंगणात आहेत का, ते बघायला मी आरशात पाहिलं, तर आधी मला माझंच तोंड दिसलं. टिकली जरा डावीकडे झुकलेली होती, त्या बाईच्या कपाळावर होती तशीच. मी ती सरळ केली नाही. तशीच शाळेत गेले.